कुलूपबंद घर आणि तर: एका जुव्यावरच्या हिवतापाचं प्रकरण

जुवा म्हणजे खाडीतलं बेट. सिंधुदुर्गातल्या एका खाडीत, किनाऱ्यापासून तरीने दहा-बारा मिनिटांवर हा जुवा आहे. तर म्हणजे माणसं खाडीपार नेणारी होडी. कडेने माड, मधोमध भाताचे मळे, मळ्यांत खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेला खारबांध, एक शाळा, एक देऊळ आणि साठ-सत्तर घरं. यातली जवळजवळ निम्मी वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात. माणसं मुंबईला. शिमग्याला थोडी येतात, मे महिन्यात पोरंबाळं येतात आणि गणपतीला सगळीच येतात. जुव्याचं नाव देत नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून दोन जुव्यांवरच्या गोष्टी मी एकत्र केल्या आहेत.

मी तेव्हा पलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यक होतो. गावात आमची ओळख एकच, 'मलेरियावाले'. कुटुंब नियोजनाचं काम घेऊन गेलो तरी 'मलेरियावाले इले' असाच पुकारा व्हायचा.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला एका सहा वर्षांच्या मुलीला दुपारी हुडहुडी भरून ताप आला. संध्याकाळी घाम फुटला, ताप उतरला, तिसऱ्या माळेला ती अंगणात खेळत होती. चौथ्या माळेला दुपारी पुन्हा तेच. आजी आशाताईला म्हणाली, "चेडवाक एका दिसाआड हीव भरता, मगे घाम येता नि उतारता." आजीने काढे देऊन पाहिले होते, पण वर्णन तिने पाठ्यपुस्तकाला लाजवेल असं केलं. आशाताईने किट फोडलं, डाव्या हाताच्या अनामिकेला टोचून थेंब घेतला आणि पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसली. रेघ उमटली ती व्हायवॅक्सची, म्हणजे हिवतापाच्या जंतूच्या एका जातीची. सोबत तिने काचपट्टीवर जाड आणि पातळ असे दोन्ही थर घेतले आणि पातळ थरावर पेन्सिलीने नंबर लिहिला. मग मोबाईलला रेंज मिळावी म्हणून पकटीच्या, म्हणजे तरीच्या धक्क्याच्या, टोकाला जाऊन मला फोन केला.

त्या काचपट्टीबद्दल थोडं सांगायला हवं. मुख्य जमिनीवर काचपट्टी त्याच दिवशी प्रयोगशाळा तंत्रज्ञाकडे पोचते. जुव्यावर ती भरतीच्या वेळेवर अवलंबून. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज दहाला सुटणारी तर उद्या अकराच्या आसपास सुटते, आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पकटीपुढे गुडघाभर चिखल. पूर्वी एकदा इथल्याच काचपट्ट्या दोन रात्री डब्यात राहिल्या आणि मुंग्यांनी जाड थर साफ चाटून नेला. तंत्रज्ञाकडे गेली ती नुसती काच, वर पेन्सिलीचा नंबर. मुंग्या आणि झुरळं रक्ताचा थर खातात हे प्रशिक्षणात सांगितलेलं असतं, पण डबा उघडून बघेपर्यंत खरं वाटत नाही. तेव्हापासून आशाताई काचपट्टी पूर्ण वाळवते, कागदात गुंडाळते आणि डबा पाण्याच्या परातीत ठेवते, घरात लाडवांचा डबा ठेवतात तसा.

मला चिंता व्हायवॅक्सची नव्हती. जिल्ह्यात व्हायवॅक्सचे रुग्ण अधूनमधून सापडतात. बहुतेक मुंबईहून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेले, ट्रॉलरवरचे खलाशी, चिरेखाणीवरचे मजूर, आंबाबागेचे राखणदार. त्यांची नोंद 'बाहेरून आलेला' अशी होते. ही मुलगी मात्र जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून जुवा सोडून कुठेच गेली नव्हती. म्हणजे तिला चावलेला डास जुव्यावरचा, आणि त्या डासाच्या पोटात जंतू गेला तोही जुव्यावरच्याच कुणाच्या तरी रक्तातून. याला स्थानिक रुग्ण म्हणतात. देशाने 2027 पर्यंत असे स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचे आणि 2030 पर्यंत हिवताप हद्दपार करायचा असं ठरवलेलं आहे. सलग तीन वर्षं स्थानिक संसर्ग नाही हे दाखवता आलं तरच जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळतं. त्या हिशेबात बाहेरून आलेले दहा रुग्ण एका बाजूला आणि ही एक मुलगी दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य सेवक आणि मी पहिल्या तरीने गेलो. मुलीच्या घराभोवतीच्या घरांतल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. बाकीच्या जुव्यावर ज्याला ताप आहे किंवा महिन्याभरात येऊन गेला त्याचं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "दिवसा कित्याक? रक्त रात्री घेतत ना?" त्याचं चुकत नव्हतं. या भागात हत्तीरोगाच्या तपासणीला रात्रीच रक्त घेतात, कारण तो जंतू रात्री रक्तात उतरतो. हिवतापाचं तसं नाही, कधीही घेतलं तरी चालतं. हे सांगण्यात अर्धा तास गेला, पण त्या अर्ध्या तासात घरातले सगळे जमले आणि सगळ्यांचीच बोटं हाताला लागली.

मुलीची चुलती पॉझिटिव्ह निघाली. तिला घटस्थापनेच्या आदल्या दिवशीच ताप आला होता. भातशेतीत काम करणारी बाई म्हटल्यावर पलीकडच्या एका खासगी दवाखान्यात तिला लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचं, औषध दिलं गेलं. रक्त तपासलं नाही. या दिवसांत आमच्याकडे ताप म्हटला की पहिला संशय लेप्टोचाच येतो आणि तो यावाच, लेप्टो माणूस घेऊन जातो. पण लेप्टोवर दिलं जाणारं डॉक्सीसायक्लिन हिवतापाच्या जंतूवरही थोडंफार चालतं. ताप दबतो, जंतू राहतो, आणि बाई उठून कामाला लागते. संध्याकाळी डास चावायच्या वेळेला ती अंगणात भांडी घासत बसलेली असते.

आता हिशेब. व्हायवॅक्सचा जंतू डासाच्या पोटात तयार व्हायला आपल्याकडच्या उबेत दहा-बारा दिवस लागतात. चावल्यापासून माणसाला ताप यायला साधारण बारा ते सतरा दिवस. डासाला माणूस मिळायला दोन-चार दिवस धरले तर एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत महिनाभर जातो. मी पंचांग उघडून अश्विन शुद्ध द्वितीयेपासून मागे गेलो. बोट थांबलं ते भाद्रपद शुद्ध द्वितीयेच्या आसपास. गणपतीच्या दोन दिवस आधी. अख्खी मुंबई जुव्यावर उतरते ते दिवस.

आमची वही काढली. आरोग्य सेवकाने दर पंधरवड्याला घरोघरी जावं, तापाचा रुग्ण विचारावा, रक्त घ्यावं आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून सही करावी, अशी ही पद्धत. वही स्वच्छ होती. पंधरवडे भरलेले होते. गणपतीच्या आधीची भेट चतुर्थीच्या आठवडाभर आधी झाली होती आणि पुढची विसर्जनानंतर. दोन्ही वेळा निम्म्या घरांपुढे एकच शब्द होता, 'बंद'. म्हणजे जुव्यावर वर्षातली सगळ्यात जास्त माणसं जेव्हा होती, तेव्हा आमचं तिथे कुणी नव्हतं. वर्षात लोकसंख्येच्या दहा टक्के माणसांचं रक्त तपासायचा दंडक मात्र पुरा झालेला. कसा, तर जूनमध्ये, हिवताप प्रतिरोध महिन्यात, शाळेतल्या सगळ्या पोरांची बोटं टोचून. त्या पोरांपैकी कुणालाच ताप नव्हता. टक्का भरला, वरिष्ठ समाधानी, मीही समाधानी होतो. वहीवर माझी सही होती, त्यामुळे हे दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

या देशाने ही चूक एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आहे. 1953 ला नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 ला त्याचंच निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं आणि 1965 पर्यंत रुग्ण वर्षाला लाखाच्या घरात आले. मग लक्ष सैल झालं. 1976 मध्ये 64 लाखांवर रुग्ण नोंदले गेले. डासांना कीटकनाशकं पचू लागली होती हे खरंच, पण ज्या घरांत जायला हवं होतं तिथे कुणी जात नव्हतं, हेही तितकंच खरं.

भिंतीवर 'बंद' लिहिलेल्या घरांपैकी एक मुलीच्या घराला लागून होतं, मधे फक्त चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. घर मुंबईच्या चाकरमान्याचं. आशाताईला आठवलं की गणपती आणायच्या आदल्या रात्री तो माणूस कुडकुडत होता. सगळे म्हणाले प्रवासाचा शीण. दोन दिवस झोपला, मग उठून आरतीला टाळ वाजवत होता. सातव्या दिवशी विसर्जन करून गेला. त्याला फोन लावला. मोकळा माणूस. म्हणाला, आषाढात मुंबईत मलेरिया झाला होता, रिपोर्ट आहे, गोळ्या घेतल्या, तीन दिवसांत बरा झालो. आणि चौदा दिवसांच्या गोळ्या? त्या चार-पाच दिवस घेतल्या. पोटात जळजळायचं, मग सोडल्या.

क्लोरोक्विनच्या तीन दिवसांनी रक्तातला जंतू मरतो आणि माणसाला वाटतं सुटलो. व्हायवॅक्सचा जंतू मात्र यकृतात निजून राहतो आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतो. निजलेल्याला मारायला प्रायमाक्विन लागतं, सलग चौदा दिवस. हा गडी त्या झोपलेल्या जंतूसकट रातराणी एसटीने गावी आला आणि इथे तो जागा झाला. माझ्या आग्रहाखातर त्याने मुंबईत पुन्हा रक्त तपासलं. व्हायवॅक्स. त्याचाच जंतू मुलीत गेला हे प्रयोगशाळेने सिद्ध केलेलं नाही, ते जुळतं ते पंचांगावरून आणि गडग्यावरून. कामाला तेवढं पुरेसं होतं.

पण डास कुठला? ही शोधाशोध करताना आम्ही आधी फसलो. पकटीजवळ झापांनी शाकारलेल्या दोन जुन्या होड्या होत्या, तळात पावसाचं पाणी आणि पाण्यात अळ्यांची नुसती वळवळ. आरोग्य सेवक हर्षला. डिपरमध्ये पाणी घेऊन उन्हात धरलं तर अळ्या डोकं खाली, शेपटीकडचं टोक वर, अशा तिरक्या लोंबत होत्या. या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या. हिवतापाचा डास ॲनॉफिलीस, त्याच्या अळीला श्वासाची नळी नसते, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, गवताची काडी तरंगावी तशी आडवी पडून असते. होड्या उपड्या केल्या, ते करायलाच हवं होतं, पण आमचा चोर तो नव्हता.

आडव्या अळ्या सापडल्या त्या बंद घराच्या मागच्या सिमेंटच्या हौदात. जुव्यावर गोड्या पाण्याची चणचण, नळयोजना कधी चालू कधी बंद, म्हणून चाकरमान्यांनी मे महिन्यासाठी हौद बांधून ठेवलेले असतात. याचं झाकण फुटलेलं, पावसाने काठोकाठ भरलेलं, नितळ पाणी. ॲनॉफिलीस स्टीफेन्सायला असंच लागतं. हा मुळात शहरातला डास, विहिरी आणि टाक्यांतला. मुंबईच्या मलेरियाचं मूळ विहिरींत आहे हे बेंटले या डॉक्टरांनी 1911 च्या अहवालात दाखवलं होतं. चाकरमान्याने मुंबईसारखा हौद बांधला आणि मुंबईच्या डासाची सोय झाली. जात कुठली ते मी नजरेने ठरवलं नाही. कीटक समाहारकाने अळ्या नेऊन त्यांचे डास होऊ दिले आणि मग सांगितलं.

हौद दिसत होता, पण हात लावता येत नव्हता. घराची चावी शेजारच्या चुलतभावाकडे, आणि दोघांत जागेवरून दावा चालू. चुलतभाऊ म्हणाला, "चावी आसा माझ्याकडे. पण मी काय उघडूचंय नाय. उद्या एखादी वस्तू गेली तर आळ माझ्यार येतलो. आणि गडग्याच्या आत तुम्ही पण पाय टाकू नकात." हौद घराबाहेर होता, चावीची गरजच नव्हती, पण गडगा ओलांडला की कोर्टात साक्षीला जायची वेळ. शेवटी पोलीस पाटलांना उभं केलं, मुंबईला व्हिडिओ कॉल लावला, मालकाने तोंडी परवानगी दिली, चुलतभावाने ती ऐकली, आणि मग आम्ही आत गेलो. हौद बादल्यांनी उपसला, आतून घासला, वर पत्रा ठेवून चिरे लावले. या एका हौदासाठी अख्खा दिवस गेला. जुव्यावरच्या बाकी टाक्या, पिंपं आणि विहिरी यांना पुढचे दोन दिवस पुरले. उपसता येत नव्हतं तिथे टेमिफॉस हे अळ्या मारायचं औषध, विहिरींत गप्पी मासे.

दरम्यान एका पंचायत सदस्याने धूर फवारणीचा धोशा लावला होता. धूर लोकांना दिसतो, फोटो निघतो. जुव्यावर मात्र संध्याकाळी वारा सुटला की धूर दहा मिनिटांत खाडीपार. उडते डास थोडे मरतात, हौदातल्या अळ्यांना काही होत नाही आणि आठवड्याभरात नवे डास. मी एकदा धूर मारून घेतला. नाही मारला तर हौद उपसायला माणसं मिळणार नव्हती. याला तडजोड म्हणा.

औषधाची कथा वेगळीच. मुलीला तिच्या वयाप्रमाणे क्लोरोक्विनच्या 2, 2 आणि 1 अशा तीन दिवसांच्या गोळ्या, आणि अडीच मिलिग्रॅमच्या प्रायमाक्विनच्या रोज 2, चौदा दिवस. ती सोपी होती. गोळी गुळात घालून दिली की गिळायची. चुलतीला चार, चार आणि दोन गोळ्या क्लोरोक्विन, शिवाय प्रायमाक्विनचे पंधरा मिलिग्रॅम रोज. आणि तिचे नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास. "उपासाक गोळ्यो चलतत काय ओ?" असं तिने विचारलं तेव्हा मी चटकन 'चालतात' म्हणालो आणि चुकलो. पहिल्या दिवशी तिने चारही गोळ्या नुसत्या पाण्याबरोबर घेतल्या आणि ओकून टाकल्या. मुंबईच्या त्या गड्याच्या पोटातली जळजळ मला तेव्हा कळली. पुढचं आशाताईने हातात घेतलं. रोज दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी पोटभर खाल्ल्यावर, तिच्यासमोर गोळी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक गोळीला हळदीचा एक ठिपका. सुरू करण्याआधी ती गरोदर नाही ना हे विचारून घेतलं होतं, आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच कळवायचं हे सासूलाही सांगून ठेवलं होतं, कारण काहींच्या रक्तात एक एन्झाइम कमी असतं आणि त्यांना हे औषध बाधतं. चौदा ठिपके कोजागरीच्या पुढे जाऊन पुरे झाले. पुन्हा घेतलेल्या काचपट्ट्या स्वच्छ होत्या. पुढचे दोन महिने दर आठवड्याला ताप शोधत फिरलो, जुव्यावर नवा रुग्ण निघाला नाही.

खरा बदल त्यानंतरचा, आणि तो तरवाल्याने सुचवला. मी पंधरवड्याच्या भेटी गणपतीच्या दिवसांत आणायच्या, माणसं वाढवून मागायची, असल्या गोष्टी बोलत होतो. तो वल्हं मारता मारता म्हणाला, जुव्यावर येणारा प्रत्येक माणूस माझ्या होडीतून येतो, घर बंद असो नाहीतर उघडं. मी पंधरा वर्षं त्या होडीत बसत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याला शंभर पानी वही दिली. नावं लिहायची नाहीत, फक्त घर, कुठून आले, किती जण, आणि ताप असला तर फुली. पैसे घेताना तो विचारायचा, "कधी इलात? ताप-बिप इल्लो काय म्हयन्याभरात?" फुली पडली की पकटीवरून आशाताईला हाक. पुढच्या गणपतीला चतुर्थीच्या आधीचे तीन दिवस आम्ही पकटीवरच टेबल टाकून बसलो. पहिल्या होडीतून उतरलेला एक जण भडकला, "परत कॉरंटाइन करतास काय आमका?" 2020 मध्ये मुंबईहून आलेल्यांना गावोगावच्या शाळांत चौदा दिवस ठेवलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. 'मुंबईवाल्यांनी रोग आणला' हे वाक्य जुव्यावर परत यायला वेळ लागला नसता. म्हणून टेबलावरची पाटी उतरवली आणि तिथे कोकम सरबताचे पेले ठेवले. प्रश्न तरवाल्यानेच होडीत विचारायचे ठरले. तो त्यांच्या आज्याला ओळखतो, त्याच्यावर कुणी चिडत नाही. त्या तीन दिवसांत एक तापाचा माणूस सापडला, रक्त तपासलं, मलेरिया नव्हता. आणखी एकाने आपणहून खिशातून प्रायमाक्विनची अर्धी पट्टी काढून दाखवली. सहा दिवस राहिले होते. ते आशाताईने मोदकांबरोबर पुरे करून घेतले.

बंद घरांच्या हौदांसाठी मेअखेरीस, चाकरमानी परत जायच्या आत, मालकासमोरच हौद रिकामा नाहीतर झाकणबंद करायचा आणि गडग्याला चुन्याची खूण करायची असं ठरलं. दाव्यातल्या त्या घराचा पत्रा मात्र पहिल्याच वादळात उडाला. चुलतभावाने स्वतःच परत ठेवला, मला फोन करून सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की हे कोर्टात बोलायचं नाही.

आता जुव्यावर पूल होणार म्हणतात. व्हायलाच हवा, बाळंतपणाची बाई सुकतीला चिखलातून उचलून नेताना मी पाहिली आहे. पूल झाला की तर बंद होईल. तरवाल्याची वही तेव्हा कुणाच्या हातात द्यायची ते ठरत नाही. पलीकडच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्यांशी बोलून पाहिलं, ते तयार आहेत. पण गणपतीला माणसं स्वतःच्या गाड्या घेऊन येतील, आणि काच खाली करायला लावून ताप विचारला तर सांगेल कोण?